जात्यावरची ओवी आणि देवाची सेवा

वाचन : निर्गम 35:20-29, लूक 15:8-10



निवासमंडपाच्या कामासाठी देवाने बसालेल नामक कारागिरास आपल्या आत्म्याने भरले, हे आपण पुष्कळदा वाचतो. परंतु त्याच अध्यायात ज्या स्त्रियांचा उल्लेख आहे, त्यांच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. त्यांनी घरी रंगीत सूत काढून आणिले; कित्येकींनी बकऱ्यांच्या केसांचे सूत कातले. आपला धाराशिव जिल्हा उस्मानाबादी शेळीच्या नावाने दूरवर ओळखला जातो. तेव्हा बकरीचे केस किती साधी वस्तू, हे आपणांस सांगावयास नको. तरी देवाने ती आपल्या मंडपासाठी स्वीकारली.

येथे आम्हांस आपला एक दोष कबूल केला पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका खेड्यात एक वृद्ध बहीण जात्यावर तूर भरडीत ओव्या गात होती. ओवी ही जुन्या धर्माची रीत, असे समजून आम्ही तिला गाणे बंद करावयास सांगितले. ती म्हणाली, "साहेब, हात दळतोय तवर मन कुठं ठेवू?" आम्हांस उत्तर सुचले नाही. ती गप्प झाली. आज गावोगाव पिठाच्या गिरण्या आहेत, जाती कोपऱ्यात पडली आहेत, आणि तिच्या नातवंडांस तिची एकही ओवी येत नाही. ही हानी आमच्या अविचाराने झाली.

वास्तविक ओवीत दोष नव्हता. ती कोणाकडे वळते, हाच प्रश्न होता. आपल्याच जिल्ह्यातील तेर येथे ज्ञानदेव-नामदेवांच्या काळी गोरोबा कुंभार होऊन गेले. त्यांचा मार्ग आपला नव्हे. तथापि मडकी घडविणाऱ्या मनुष्याने अभंग रचावे, ह्याचे ह्या देशास कधी नवल वाटले नाही. मग आपणच संकोच का करावा?

आपल्या मंडळीतही उदाहरणे आहेत. लक्ष्मीबाई टिळक (1868-1936) शाळेत शिकलेल्या नव्हत्या. विवाहानंतर पतीने त्यांस वाचावयास शिकविले. त्यांनी 'स्मृतिचित्रे' लिहिली ती माहेरच्या कडक सोवळ्याची, संसारातील ओढाताणीची, पतीशी झालेल्या भांडणांची. आपला हट्ट व आपली चूक त्यांनी लपविली नाही. म्हणूनच त्यांच्या विश्वासाची साक्ष खरी वाटते. रेव्ह. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन'ही त्यांनीच पूर्ण केले.

चित्रकलेत गोव्याचे आंजेलो द फोन्सेका (1902-1967) ह्यांचे नाव घ्यावे लागते. ते रोमन कॅथलिक होते. शांतिनिकेतनात शिकून ते पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले. त्यांनी मरियेस लुगडे नेसविले व तिला आपल्याकडील माउलीच्या रूपात दाखविले. गोव्यातील कित्येकांस हे रुचले नाही. चित्राची पूजा करू नये, हे तर आपण शिकवितोच. परंतु प्रभू आपल्यासारख्याच एका घरात वाढला, हे चित्रावरून कळले, तर त्यात वाईट ते काय?

स्वतः प्रभूनेही हेच केले. पिठात खमीर घालणारी स्त्री, हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी स्त्री, हे दाखले त्याने घरातूनच घेतले.

म्हणून उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे. वृद्ध स्त्रियांजवळ बसा. त्यांच्या ओव्या वहीत उतरवून घ्या. हरवलेल्या नाण्याची गोष्ट त्यांस वाचून दाखवा आणि ती त्यांच्याच चालीत गावयास सांगा. जी गोधडी शिवते, जो भिंतीवर चित्र काढतो, त्याच्या कामास हलके म्हणू नका. परंतु वाहवा मिळावी म्हणून काही करू नये, आणि जे मनात नाही ते मुखी आणू नये.

विचारासाठी प्रश्न :
1. आपल्या घरातील कोणते नित्याचे काम देवाच्या स्तुतीचे साधन होऊ शकेल?
2. आपण अज्ञानाने कोणाचे गाणे बंद केले आहे काय? असल्यास, ती व्यक्ती हयात आहे तोवर तिच्याकडे जावे.