कोतवाल पंजीतील नोंद

ज्या घरात शाळा सोडल्याचा दाखला नावाचा कागद कधी आलाच नाही, त्या घरातील मुलीने परिचारिका होण्याचे मनात आणले की तिच्याकडे प्रथम मागितला जातो तो पूर्वजांचा लेखी पुरावाच. कळमेश्वरातील आमच्या घरात माझ्यापूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते. वडील संत्र्याच्या बागेत मजुरी करीत, आणि आजोबांनी तर शाळा पाहिलीच नव्हती. बी. एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा खर्च शिष्यवृत्तीवाचून पेलणारा नव्हता. आमच्यासारख्या इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागेला व तिच्या सवलतींना जातवैधता प्रमाणपत्र अवश्य, आणि त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा दस्तऐवज हवा.

अशा घरांना आधार उरतो तो तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातील कोतवाल पंजीचा. गावात मूल जन्मले की त्याची वर्दी कोतवाल देई. नोंदीत बापाचे नाव, जात आणि तारीख येई, पण मुलाचे नाव बहुधा नसेच, ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढाच शब्द. माझ्या आजोबांची नोंदही कडा झिजलेल्या पानावर, पणजोबांच्या नावापुढे, अशीच निनावी सापडली. तो मुलगा म्हणजे माझेच आजोबा, हे ठरविण्यास वंशावळीचे शपथपत्र करावे लागले. आडनावाच्या लेखनात फरक निघाला, त्याचा खुलासा वेगळा. या सव्यापसव्यात महिने जातात, आणि प्रवेशाची मुदत कोणाच्या वंशावळीसाठी खोळंबत नाही. निरक्षराच्या नातीवरच लेखी पुराव्याचा सर्वाधिक भार पडावा, हे मला आजही अन्यायाचे वाटते.

माझी वैधता लांबली, तशी शासनाकडून यावयाची शुल्काची रक्कमही लांबली, आणि तेवढ्या कारणावरून संस्थेने परीक्षेचे प्रवेशपत्र अडवून धरले. वडिलांनी उसनवारीने पैसे उभे केले म्हणूनच माझे वर्ष वाचले.

बारावीचा निकाल लागताच दारी येणाऱ्या दलालांविषयीही सांगितले पाहिजे. हमखास जागा मिळवून देतो, शिष्यवृत्तीही लागेल, असे ते बोलतात. परंतु संस्थास्तरावर घेतलेल्या प्रवेशाला शुल्काची प्रतिपूर्ती मिळत नाही. जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणात शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ झाले, तेही केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून आलेल्यांनाच. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता संस्थेला आहे की नाही, हेही पैसे भरण्यापूर्वीच पाहावे.

१९०९ साली पुण्यात सेवासदन उभारून रमाबाई रानडे यांनी स्त्रियांना शुश्रूषेच्या शिक्षणाची वाट मोकळी केली, तेव्हा आडवी येई ती लोकनिंदा. आज कळमेश्वरात नर्स होणाऱ्या मुलीला कोणी नावे ठेवीत नाही. तिची वाट अडते ती कागदांपाशी.

म्हणून तालुक्यातील पालकांना माझी कळकळीची विनंती आहे की, मुलगी अकरावी विज्ञानात जाताच कोतवाल पंजीच्या नकलेसाठी तहसिलीत अर्ज करावा, बारावीत कनिष्ठ महाविद्यालयामार्फत वैधतेचे प्रकरण पडताळणी समितीकडे दाखल करावे, आणि मुलीच्या स्वतःच्या नावाचे बँकखाते आधारशी जोडून ठेवावे, कारण शिष्यवृत्तीची तिच्या हाती यावयाची रक्कम त्याच खात्यात जमा होते.