जुन्या मोटारीतला रेडिओ

मुलांनो, 1930 साली अमेरिकेतील शिकागो शहरात पॉल गॅल्व्हिन यांच्या कंपनीने मोटारीत बसणारा रेडिओ विकायला काढला. त्याचे नाव मोटोरोला. त्या काळच्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असत. मोटारीची बॅटरी 6 व्होल्टची, आणि व्हॉल्व्हला तर दीडदोनशे व्होल्ट लागत! मग जमायचे कसे? पुढे व्हायब्रेटर नावाचा भाग आला. तो बॅटरीचा प्रवाह भराभर तोडी आणि जोडी; मग ट्रान्सफॉर्मर त्याचा दाब वाढवी. रेडिओ लावला, की आधी व्हायब्रेटरची गुणगुण ऐकू येई.

असा रेडिओ आज मिळाला, तर लगेच बॅटरी जोडू नये. इतक्या वर्षांत त्यातील कागदी कपॅसिटर निकामी झालेले असतात. त्यांतून वीज गळली, तर ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि तसा दुसरा मिळणे कठीण. म्हणून जाणता कारागीर आधी कपॅसिटर बदलतो. कोणी तर नवा छोटा कपॅसिटर जुन्याच्याच रिकाम्या नळीत बसवतो. बाहेरून काही कळत नाही! काही लोक मात्र आतले सारे काढून नवे यंत्र घालतात. मला विचाराल, तर मग जुना फक्त चेहरा उरतो. व्हायब्रेटरच्या जागीही हल्ली मुका इलेक्ट्रॉनिक भाग मिळतो. सोय चांगली, पण ती गुणगुण जाते.

शब्दार्थ : निकामी – बेकार, जाणता – माहिर, सोय – सहूलत.