चिठ्ठीवरची किंमत हा फक्त पहिला हप्ता
अमेरिकेतल्या थ्रिफ्ट स्टोअरमधून जुनी अकूस्टिक गिटार घेताना खरा खर्च किती येतो?

गुडविल किंवा साल्व्हेशन आर्मीच्या दुकानात कपड्यांच्या रांगा संपल्या की मागच्या बाजूला कपबश्या, टेनिसच्या रॅकेट, सूटकेसा आणि अधूनमधून एखादी जुनी गिटार दिसते. तिला चिठ्ठी असते ४० डॉलरची. शिकाऊ माणसाला पुरेल अशी नवी यामाहा साधारण २०० ते २५० डॉलरला मिळते. नुकताच शिकायला आलेला विद्यार्थी असो की मुलीकडे सहा महिने राहायला आलेले आईबाबा, हिशेब लगेच मांडला जातो: दीडशे-दोनशे डॉलर वाचले!

वाचतात की बुडतात, हे चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं. जुन्या गिटारची किंमत म्हणजे चिठ्ठीवरचा आकडा अधिक ती वाजती करण्याचा खर्च. हा दुसरा आकडा दुकानातच, दहा मिनिटांत, बऱ्यापैकी अचूक काढता येतो.

दुकानाची रीत

इथला माल दान आलेला असतो. किंमत लावणारा कर्मचारी बहुधा वादक नसतो, त्यामुळे सुमार गिटारला ८० आणि चांगलीला ३० अशी चिठ्ठी लागू शकते. वस्तू ‘आहे तशी’ विकली जाते. परतीचे नियम दुकानागणिक वेगळे असतात. काही ठिकाणी फक्त बदली किंवा दुकानातलंच क्रेडिट मिळतं, म्हणून पैसे देण्याआधी विचारा आणि चिठ्ठी फाडू नका. घासाघीस सहसा चालत नाही, पण बऱ्याच गुडविलमध्ये दर आठवड्याला एका रंगाच्या चिठ्ठीवर सूट असते. वर विक्रीकर. न्यू जर्सीत तो ६.६२५ टक्के आहे, म्हणजे ४० डॉलरची गिटार ४२.६५ला पडते. ओरेगॉनमध्ये विक्रीकर नाही.

नामांकित गिटार दानात आली तर ती बहुधा दुकानात लागतच नाही. ती गुडविलच्या ऑनलाइन लिलावात जाते. तिथे हात लावून बघता येत नाही, आणि बोलीवर पाठवणीचा खर्च वेगळा लागतो. नवख्याने दुकानातूनच घ्यावी.

डोक्यावरचं नाव वाचा

सर्वांत जास्त सापडतात त्या शिकागोच्या हार्मनी आणि के या कंपन्यांच्या गिटारी. हार्मनी १८९२ साली सुरू झाली आणि १९७५मध्ये बंद पडली. तिने लाखोंनी गिटारी बनवल्या, म्हणून केवळ ‘जुनी’ असण्याला इथे भाव नाही. ‘सिल्व्हरटोन’ हे सीअर्सचं दुकानी नाव. आतला माल हार्मनी, के अशा कारखान्यांचा. ‘स्टेला’ मुळात ऑस्कर श्मिट यांच्या जर्सी सिटीतल्या कारखान्याची, १९३९ पासून हार्मनीची. साठच्या दशकातली छोटी, बर्च लाकडाची स्टेला चालू स्थितीत साधारण १०० ते २०० डॉलरची. उलट, हार्मनीचंच ‘सॉव्हरिन एच१२६०’ हे मोठं मॉडेल (वर अखंड स्प्रूस, मागे-बाजूंना अखंड महोगनी) नेक सरळ असेल तर ५०० डॉलरच्या पुढे जातं.

जपानी गिटारींमध्ये यामाहाची एफजी मालिका बघा. ती १९६६मध्ये सुरू झाली. आत लाल लेबल आणि त्यावर ‘निप्पॉन गाक्की’ असेल तर ती सुरुवातीच्या वर्षांतली. एफजी-१८०ची वरची फळी प्लायची असूनही आवाजासाठी तिला मागणी आहे. चांगल्या स्थितीत ३०० ते ४५० डॉलर. ‘सिग्मा’ ही मार्टिन या नामांकित अमेरिकन कंपनीने १९७०मध्ये आणलेली, जपानात बनवून घेतलेली स्वस्त मालिका. तिला मार्टिनचा भाव देऊ नका. खऱ्या मार्टिनच्या आत, नेक जिथे खोक्याला मिळतो त्या ठोकळ्यावर, क्रमांक ठसवलेला असतो. १८९८ पासूनच्या क्रमांकांवरून वर्ष कळतं.

दहा मिनिटांची तपासणी

सोबत हवं: मोबाइल (टॉर्च, कॅमेरा, ट्यूनर अॅप), मिलिमीटरची छोटी पट्टी, एक लांब सरळ पट्टी आणि कागदाचा तुकडा.

१. तारा कुठल्या? नायलॉनच्या तारांसाठी बनवलेल्या क्लासिकल गिटारवर कुणीतरी स्टीलच्या तारा चढवलेल्या असतात. डोक्यात खाचा, बोटपट्टी रुंद (नटपाशी, म्हणजे डोक्याकडच्या टोकाला तारा टेकतात तिथे, ५० मिलिमीटरहून जास्त) आणि ब्रिजला तार गाठीने बांधायची सोय, ही क्लासिकलची ओळख. स्टीलच्या तारांनी तिचा ब्रिज उपटून येतो.

२. तारांची उंची. बाराव्या फ्रेटवर जाड तार फ्रेटपासून साधारण २.५ मिलिमीटर, बारीक तार दीड-पावणेदोन मिलिमीटर हवी. ४ मिलिमीटरच्या वर गेली तर बोटं सोलवटतील आणि सूरही चढे लागतील.

३. नेकचा कोन. ही सगळ्यात महागडी परीक्षा. लांब पट्टी फ्रेटवर उभी ठेवून ब्रिजकडे सरकवा. टोक ब्रिजच्या लाकडाच्या वरच्या कडेवर टेकलं तर उत्तम. ब्रिजच्या मध्यावर किंवा त्याखाली आपटलं तर नेक पुढे झुकला आहे. कारण साधं आहे. हलक्या जाडीच्या सहा स्टीलच्या तारा मिळून सुमारे ७३ किलोचा ताण देतात, आणि तो रात्रंदिवस, वर्षानुवर्षं चालू असतो.

४. ट्रस रॉड, म्हणजे फिरवून नेकचा वाक काढायची आतली सळई. डोक्यावर ‘स्टील रीइन्फोर्स्ड नेक’ असं छापलेलं दिसलं की हुरळू नका. नेकमध्ये लोखंडी सळई आहे, पण ती फिरवून वाक काढता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. १९८५ आधीच्या मार्टिनमध्येही फिरवता येणारा रॉड नाही.

५. ब्रिज. त्याच्या मागच्या कडेखाली कागद सरकवा. आत शिरला तर गोंद सुटला आहे. ब्रिजमागे हलका फुगवटा चालतो, साउंडहोलकडे खळगा पडलेला चालत नाही.

६. आतला सांगाडा. मोबाइल साउंडहोलमधून आत घालून फोटो काढा. फळीखालच्या पट्ट्या सुटल्या आहेत का ते बघा, मग बोटाच्या पेराने वरून ठिकठिकाणी टकटक करा. खरखर ऐकू आली तर पट्टी सुटलेली. याच फोटोत लेबल आणि शिक्केही मिळतात.

७. फळी अखंड की प्लाय? साउंडहोलची कड निरखा. लाकडाच्या रेषा वरून खाली सलग उतरत असतील तर अखंड, थर दिसले तर प्लाय.

८. बाकी. डोकं आणि नेक यांच्या सांध्यावर तडा, फ्रेटमध्ये तारांनी पडलेले खड्डे, न फिरणाऱ्या की, आणि बुरशीचा वास. वास जात नाही, हे गृहीत धरा.

दुरुस्तीला किती?

शहर आणि कारागीर यांनुसार दर बदलतात. अमेरिकेत साधारण असे धरा:

• तारांचा संच: ७ ते १८ डॉलर
• सेटअप (तारांची उंची, नट-सॅडल, वाक): ६० ते १००
• हाडाचा नवा नट किंवा सॅडल: ५० ते १००
• कींचा संच: ३० ते ८०
• ब्रिज पुन्हा चिकटवणं: १०० ते १७५
• सुटलेली एक पट्टी चिकटवणं: ४० ते ८०
• फ्रेट घासून समपातळीत आणणं: १२० ते २००
• सगळे फ्रेट बदलणं: ३०० ते ४५०
• नेक काढून नव्या कोनात बसवणं (नेक रीसेट): ४०० ते ८००
• हार्ड केस: ८० ते १५०

तीन गिटारींचा हिशेब

*स्टेला, चिठ्ठी ४० डॉलर.* कर धरून ४३, तारा ८, सेटअप ७०. एकूण १२१. बाजारभाव १०० ते २००, म्हणजे सौदा बरोबरीत. नेक झुकला असेल तर मात्र ४००च्या पुढची दुरुस्ती १५०च्या वस्तूवर करावी लागेल. ती भिंतीवर टांगायला घ्या, शिकायला नको. अशा हलक्या गिटारवर तारा ‘एक्स्ट्रा लाइट’च लावा. ताण साठ किलोच्या आसपास उतरतो आणि नेक जास्त वर्षं टिकतो.

*यामाहा एफजी-१८०, चिठ्ठी ८० डॉलर.* कर धरून ८५, तारा ८, सेटअप ७०, फ्रेट घासणं १५०. एकूण ३१३. नव्या शिकाऊ गिटारपेक्षा महाग, पण बाजारभावाच्या आत. आवाज आवडला तर घ्या. नेक झुकलेला असेल तर सोडा. या गिटारींचा नेक फार पक्का चिकटवलेला असतो, तो काढायला बरेच कारागीर नाखूश असतात.

*सत्तरच्या दशकातली मार्टिन डी-१८, चिठ्ठी ४०० डॉलर.* असं क्वचित घडतं, पण घडलंच तर गणित उलटं होतं. कर धरून ४२७, नेक रीसेट ६००, नवे फ्रेट ३५०, तडे बुजवणं २००. एकूण १५७७. दुरुस्त झालेली अशी गिटार साधारण १८०० ते २५०० डॉलरला जाते. नेक झुकलेला असूनही ही घेण्यासारखी. फक्त कंपनीची आजीवन हमी पहिल्याच मालकाला असते, तुम्हाला नाही.

भारतात आणायची असेल तर

आधी लाकूड ओळखा. मार्टिनने आपल्या महागड्या मॉडेलांसाठी १९६९पर्यंत ब्राझिलियन रोझवूड वापरलं, नंतर भारतीय शिसव घेतली. तीच शिसव, जिची कपाटं आपल्या जुन्या घरांत आहेत. ब्राझिलियन रोझवूडवर १९९२ पासून ‘साइट्स’ या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे सर्वांत कडक निर्बंध आहेत. परवान्याशिवाय अशी गिटार सीमेपार नेली तर जप्त होऊ शकते. शिसवीसह रोझवूडच्या इतर जातींवर २०१७मध्ये निर्बंध आले, पण तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ पासून त्यातून सूट आहे.

अमेरिकन विमान कंपन्यांना, डोक्यावरच्या कप्प्यात जागा असेल तर, गिटार केबिनमध्ये घेऊ द्यावी लागते. इतर कंपन्यांना हा नियम लागू नाही, म्हणून तिकीट काढतानाच विचारा. सामानात टाकणार असाल तर हार्ड केस घ्या आणि तारा दोन-तीन स्वर सैल करा. खरेदीची पावती हाताशी ठेवा, कस्टममध्ये किंमत दाखवायला लागते.

मग हवामान. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. न्यू जर्सीच्या हिवाळ्यात हीटरने घर खडखडीत कोरडं पडतं आणि फळ्या तडकतात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, फळी फुगते, तारा वर उचलल्या जातात. दोन्हीकडे उपाय एकच: गिटार केसमध्ये ठेवा आणि आत २०-२५ डॉलरची आर्द्रता राखणारी पाकिटं. प्रवासानंतरचा सेटअप पंधरा दिवसांनी करा, लाकूड नव्या हवेत स्थिरावल्यावर.

घ्यावी की सोडावी?

चिठ्ठी, कर आणि दुरुस्ती यांची बेरीज करा. बेरीज त्याच मॉडेलच्या वाजत्या गिटारच्या भावापेक्षा कमी असेल तर घ्या. तो भाव बघताना विक्रेत्यांनी मागितलेले आकडे नको, प्रत्यक्ष विक्री झालेले आकडे शोधा. नाव ओळखीचं नसेल, तर नव्या यामाहाच्या किमतीशी तुलना करा. शंका नेकबद्दल असेल तर पट्टीचा आणि ब्रिजचा फोटो जवळच्या कारागिराला पाठवा. बरेच जण फोटोवरून अंदाज देतात. उत्तर येईपर्यंत दुकानात थांबा, पैसे देऊ नका.