मेसचं पातेलं आणि गच्चीवरचा वाफा : एक हिशेब

आपण राहतो ते गाव पुण्याला पाणी पाजतं. खडकवासल्याच्या धरणातून निघालेला कालवा पार दौंड-इंदापूरपर्यंतची शेतं भिजवतो. पण आपल्या मेसमधली मेथी कुठून येते असं विचारलं, तर उत्तर बहुधा गुलटेकडीचं मार्केट यार्ड हेच मिळेल. २०२१ साली खडकवासला पुणे महापालिकेत आलं. आजूबाजूच्या शेतांत इमारती उभ्या राहताहेत आणि त्या बांधणारे मजूर पत्र्याच्या खोल्यांत दिवस काढताहेत. इकडे मेसच्या मागच्या पिंपात मात्र रात्रीचा भात जातो. लांबून येणारी भाजी, जवळची भूक आणि वाया जाणारं अन्न, या तिन्हींची सांगड घालता येईल का? येईल, पण त्याला नुसता दयाळूपणा पुरत नाही. त्याला व्यवस्था लागते, आणि व्यवस्था बसवणं हे तर आपलंच काम!

पुण्याची जुनी रीत

वाटून खाणं पुण्याच्या विद्यार्थ्याला नवीन नाही. शंभर वर्षांपूर्वी गावाकडून आलेला गरीब मुलगा ‘वार लावून’ जेवायचा. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. कुणी माधुकरी मागायचा. १९०९ साली सुरू झालेलं अनाथ विद्यार्थी गृह (आजचं पुणे विद्यार्थी गृह) याच काळातलं. वार लावण्यात एक शहाणपण होतं. घर ठरलेलं, वार ठरलेला, त्यामुळे कुणा एकावर बोजा नाही आणि मुलालाही उद्याची चिंता नाही. उणीव एकच, घेणारा कायम उपकाराखाली राहायचा.

ही उणीव भरून काढणारं उदाहरणही पुण्यातलंच आहे. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने हमाल पंचायतीने १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. ना नफा ना तोटा तत्त्वावर, कष्टकऱ्याला परवडेल अशा दरात ताजं जेवण. तिथे जेवणारा पैसे मोजून जेवतो, म्हणून मान वर करून जेवतो. आपण काहीही सुरू केलं तरी ही गोष्ट विसरायची नाही. उरलंसुरलं कुणाच्या तरी पदरात टाकणं म्हणजे वाटून खाणं नव्हे.

आधी उरूच नये

समजा, मेसमध्ये ४०० जण जेवतात आणि प्रत्येक जण एका वेळेला फक्त ५० ग्रॅम टाकतो. दोन वेळचे झाले ४० किलो, महिन्याचे १२०० किलो. हे आकडे धरून चाललेले आहेत. आपल्या मेसचे खरे आकडे काढायला एक वजनकाटा आणि एक आठवडा पुरे. ताटातलं वेगळं मोजा, पातेल्यातलं वेगळं मोजा. ताटातलं उरतं ते वाढून घेण्याच्या सवयीमुळे, पातेल्यातलं उरतं ते माणसांचा अंदाज चुकल्यामुळे. शनिवारी निम्मं हॉस्टेल घरी पळतं, सबमिशनच्या आठवड्यात अर्धे लोक टपरीवर असतात, हे मेसच्या काकांना कोण सांगणार? दुपारी चारपर्यंत ‘रात्री नाही’ अशी खूण करायचा तक्ता दारात लावला तरी बराच फरक पडेल.

मग वाटप, पण घड्याळ लावून

एवढं करूनही पातेल्यात चांगलं अन्न उरलं तर ते वाटायचं. इथे भावनेपेक्षा मायक्रोबायॉलॉजी महत्त्वाची. शिजलेलं अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर किंवा ५ अंशांच्या खाली सुरक्षित असतं. मधल्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. भात तर विशेष फसवा. ‘बॅसिलस सिरियस’ या जंतूचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. भात तासन् तास तसाच राहिला तर ते वाढतात आणि विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून रात्रीचा भात सकाळी गरम करून मजुरांना देणं हे पुण्य नाही, धोका आहे.

तेव्हा नियम सोपे ठेवावेत. ताटातलं कधीच द्यायचं नाही. पातेल्यातलं, झाकलेलं, गरम अन्न जेवण संपताक्षणी स्वच्छ डब्यात भरायचं, त्यावर वेळ लिहायची आणि दोन तासांच्या आत पोचवायचं. उरलेलं अन्न गोळा करून वाटण्यासाठी आपल्या देशात २०१९ साली केलेले आणि १ जुलै २०२० पासून लागू झालेले स्वतंत्र नियमही आहेत. ते रेक्टरसरांसोबत बसून एकदा वाचावेत. मुंबईच्या डबेवाल्यांनी २०१५ साली ‘रोटी बँक’ सुरू केली, तेव्हा मुंबईत अन्नाची कमी नव्हती. कमी होती ती वेळेत नेणाऱ्या हातांची. आणि शक्य असेल तर वस्तीतल्या लोकांना आधी विचारावं की त्यांना काय हवंय. कदाचित त्यांना उरलेल्या भातापेक्षा मेसच्या दरात एक ताजी थाळी जास्त आवडेल.

उरलं ते मातीत

मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात रोज हजारो कर्मचाऱ्यांचं जेवण व्हायचं. तिथल्या केटरिंग अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास स्वयंपाकघराचा ओला कचरा गच्चीवरच जिरवायला सुरुवात केली. त्यातून फळझाडं आणि भाज्यांची बागच उभी राहिली. त्यांच्या पद्धतीचा पाया होता कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांच्या ‘प्रयोग परिवारा’चा. शेतकऱ्याने स्वतः मोजावं, प्रयोग करावा, एकमेकांना सांगावं, हा दाभोळकरांचा मंत्र. आपल्या जर्नलपेक्षा वेगळं काय आहे?

खताचं शास्त्र असं. जंतूंना कार्बन आणि नायट्रोजन साधारण २५ ते ३० : १ या प्रमाणात लागतात. मेसच्या कचऱ्यात नायट्रोजन जास्त, सुकलेल्या पाल्यात कार्बन जास्त. म्हणून एक बादली ओलं तर दोन-तीन बादल्या पाला. आपल्याकडे पाला जाळतात, तो आधी थांबवायला हवा. ढीग पिळलेल्या फडक्याइतका ओला असावा, आठवड्यातून एकदा उलटावा. आत हात घालवत नाही इतका तापला तर काम चाललंय असं समजा. घाण वास आला तर हवा कमी पडतेय, पाला वाढवा. तेलकट-खारट रस्सा आणि हाडं मात्र बाजूला ठेवा.

सिव्हिलवाल्यांनी इकडे लक्ष द्यावे

ओली माती घनमीटरला १७०० किलोच्या आसपास भरते. १५ सेंमी थर म्हणजे चौरस मीटरला सुमारे २५५ किलो. माणसांची ये-जा असणाऱ्या सपाट गच्चीसाठी आय.एस. ८७५ प्रमाणे धरायचा भार आहे १.५ किलोन्यूटन, म्हणजे अंदाजे १५० किलो. म्हणजे गच्चीवर नुसती माती टाकली तर ओरलला बसायच्या आधीच नापास! म्हणून पालापाचोळा आणि खताचं हलकं मिश्रण वापरायचं, तेही भिजवून वजन करून. वाफे बीमच्या वर ठेवायचे, वॉटरप्रूफिंग तपासायचं आणि सरांची परवानगी घ्यायची. जमिनीवर रिकामी जागा असेल तर गच्चीचा हट्टच नको.

उत्पन्न किती?

मेथी महिन्याभरात येते. चौरस मीटरला एक किलो धरू. ४०० जणांच्या एका वेळच्या भाजीला ३० किलो लागते. म्हणजे ३० चौरस मीटरचा वाफा महिनाभर सांभाळला की भाजी मिळते एक वेळची! बागेवर मेस चालणार नाही हे उघड आहे. पण कढीपत्ता, पुदिना, कोथिंबीर, गवती चहा या गोष्टी थोड्या लागतात आणि ताज्याच चांगल्या लागतात. तिथे बाग खरी उपयोगी पडते. सोव्हिएत संघ कोसळल्यावर क्यूबाची आयात आटली, तेव्हा हवाना शहराने मोकळ्या जागांत भाजीपाला पिकवला. तिथेही धान्याचा प्रश्न बागांनी सुटला नाही, पण ताज्या भाजीचा बराच सुटला.

मे महिन्यात पाणी कोण घालणार?

हॉस्टेलच्या बहुतेक बागा इथेच मरतात. जानेवारीत उत्साह, एप्रिलमध्ये परीक्षा, मेमध्ये सगळे घरी आणि जूनला वाफ्यात काटक्या. आपण चार वर्षांचे पाहुणे. मेसच्या मावशी, सफाई कामगार आणि वॉचमनकाका मात्र वर्षभर इथेच असतात. त्यातल्या अनेकांना शेतीही आपल्यापेक्षा जास्त कळते. म्हणून निम्मे वाफे त्यांच्या नावाने असावेत आणि त्यातली भाजी त्यांच्या घरी जावी. फुकट राबवून घेण्यासाठी नाही, तर भागीदार म्हणून. उरलेल्या वाफ्यांना विंगप्रमाणे वार लावून द्यावेत. जुन्या पुण्यात जेवणाचे वार होते, आपण पाण्याचे लावू.

सुरुवात मोठी नकोच. पहिल्या महिन्यात फक्त वजनकाटा आणि दारातला तक्ता. दुसऱ्या महिन्यात एक खताचा खड्डा. वाटपाची माणसं आणि वेळ नक्की झाल्याशिवाय एकही डबा बाहेर पाठवू नये. पाऊस पडला की चार वाफे. दर महिन्याचे आकडे मेसच्या फलकावर लावावेत, वाढलेलेही आणि घटलेलेही. पिंपातलं वजन कमी होत गेलं, तर बागेत मेथी कितीही येवो, आपलं काम झालं असं समजायला हरकत नाही.