एकच मैदान, तीन गतींची उड्डाणे : लहान विमानतळावरील सुरक्षित अवतरण

डोंगरमाथ्यावरून पंख पसरून दरीवर तरंगत जाणे ही माणसाची जुनी आकांक्षा आहे. जर्मनीतील ऑटो लिलिएन्थाल याने १८९१ पासून स्वतः बनविलेल्या पंखांच्या साहाय्याने टेकड्यांवरून शेकडो उड्डाणे केली आणि १८९६ मध्ये अशाच एका उड्डाणात कोसळून त्याचा अंत झाला. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन साधने लोकप्रिय झाली. पहिले हँग ग्लायडर. यात धातूच्या नळ्यांच्या सांगाड्यावर ताणलेल्या त्रिकोणी कापडी पंखाखाली वैमानिक आडवा लोंबकळतो. दुसरे पॅराग्लायडर. त्याच्या पंखाला सांगाडाच नसतो. समोरच्या तोंडांतून शिरणाऱ्या हवेने कापडाच्या पोकळ कप्प्यांची छत्री फुगते आणि तेवढ्यावरच ती आकार धरून राहते. या साधनाचा उगम फ्रान्समधील आल्प्स पर्वतातील मियूसी या गावी १९७८ मध्ये झाला.

महाराष्ट्रात मावळ तालुक्यातील कामशेत आणि साताऱ्याकडील पाचगणी ही ठिकाणे पॅराग्लायडिंगसाठी परिचित आहेत. पावसाळा सरला की सह्याद्रीच्या या उतारांवर रंगीत छत्र्या दिसू लागतात. दुसरीकडे बारामती व गोंदिया यांसारख्या लहान विमानतळांवर वैमानिकांच्या प्रशिक्षणाची विमाने फेऱ्या घालतात. या दोन प्रकारच्या उड्डाणांना एकच मैदान वापरावयाचे झाल्यास काय काळजी घ्यावी लागते, याचा विचार येथे केला आहे. ज्यांच्या परवानगीने वा देखरेखीखाली असे उपक्रम चालतात, त्यांना या विषयाची तोंडओळख असणे अगत्याचे आहे.

अडचणीचे मूळ : गतीतील फरक

लहान प्रशिक्षण विमान उतरताना ताशी सुमारे १२० किलोमीटर गतीने येते. हँग ग्लायडरची सर्वसाधारण गती ताशी ४० ते ६० किलोमीटर असते, तर पॅराग्लायडरची ३५ ते ४० किलोमीटर. विमानाच्या वैमानिकाला अडचण आली तर इंजिनाचा जोर वाढवून तो पुन्हा वर जाऊ शकतो. ग्लायडरला ही सोय नाही. त्याची उंची म्हणजे त्याच्या गाठीचे भांडवल, आणि ते क्षणोक्षणी खर्च होत असते.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एक पॅराग्लायडर ६० मीटर उंचीवरून धावपट्टीच्या रेषेत उतरू लागला आहे. वारा शांत आहे. सेकंदाला सुमारे सव्वा मीटर या वेगाने तो खाली येतो, म्हणजे त्याला जमिनीवर पोहोचण्यास जवळजवळ ५० सेकंद लागतील. त्याच क्षणी मागून येणारे विमान धावपट्टीच्या टोकापासून दीड किलोमीटर दूर आहे. ते अंतर विमान ४५ सेकंदांत कापते. याचा अर्थ असा की, विमान धावपट्टीच्या टोकाशी पोहोचेल तेव्हा पॅराग्लायडर अजून सुमारे चार मीटर उंचीवर, नेमका त्याच्या वाटेत असेल. दोघांपैकी कोणीही नियमबाह्य असे काहीच केलेले नसताना हा प्रसंग उद्भवू शकतो.

दिसणे आणि न दिसणे

‘आकाश मोकळे आहे, समोरचा दिसेलच,’ हा समज घातक आहे. समोरचे विमान दृष्टीस पडल्यापासून धोका ओळखून, निर्णय घेऊन, विमान प्रत्यक्ष वळेपर्यंत सुमारे साडेबारा सेकंद लागतात, असे अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाच्या मार्गदर्शक पुस्तिकेत नमूद आहे. विमान व पॅराग्लायडर समोरासमोर येत असतील, तर दोघांतील अंतर ताशी १६० किलोमीटर गतीने घटते. साडेबारा सेकंदांत ते सुमारे साडेपाचशे मीटर कमी होते. तेवढ्या अंतरावरून समोरून दिसणारी छत्री म्हणजे आकाशातील एक बारीक रेघ असते. शिवाय ती जवळजवळ स्थिर भासते, आणि स्थिर वस्तूकडे डोळ्याचे लक्ष चटकन जात नाही.

विमानाच्या रचनेचाही अडथळा असतो. ज्या विमानाचे पंख वर असतात, त्याच्या वैमानिकाला वरचे दिसत नाही, आणि वळताना खाली झुकलेला पंख नेमकी धावपट्टीची बाजू झाकतो. ज्याचे पंख खाली असतात, त्याला आपल्याखाली संथपणे उतरणारा ग्लायडर दिसत नाही. म्हणून ‘मला तो दिसतो, अर्थात त्यालाही मी दिसतो,’ असे ग्लायडरस्वाराने कधीही गृहीत धरू नये.

अग्रहक्काचे नियम

आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतुकीच्या नियमांप्रमाणे इंजिनाच्या विमानाने ग्लायडरला वाट द्यावयाची असते. समोरासमोर आल्यास दोघांनीही उजवीकडे वळावयाचे असते. उतरणाऱ्याला प्राधान्य असते. दोघे उतरत असतील तर खालच्याला प्राधान्य मिळते, मात्र त्याचा फायदा घेऊन शेवटच्या टप्प्यात आलेल्या दुसऱ्याच्या पुढे घुसता येत नाही.

अमेरिकेतील व्यवस्था या बाबतीत वेगळी व अभ्यसनीय आहे. तेथे सार्वजनिक वापराचे सुमारे पाच हजार विमानतळ असून नियंत्रण मनोरा त्यांपैकी थोड्यांवरच आहे. उरलेल्या ठिकाणी वैमानिक ठरलेल्या रेडिओ वारंवारतेवर आपापले स्थान सांगतात आणि परस्परांना सांभाळून उतरतात. हँग ग्लायडर व पॅराग्लायडर यांच्यासाठी तेथे १९८२ मध्ये स्वतंत्र नियमावली लागू झाली. तिच्यानुसार या साधनांना वैमानिक परवान्याची सक्ती नाही, परंतु त्यांनी इतर सर्व विमानांना वाट दिली पाहिजे, उड्डाण दिवसाउजेडीच केले पाहिजे आणि दाट वस्तीवरून जाता कामा नये. सवलतीच्या मोबदल्यात जबाबदारी, हे त्या नियमावलीचे सूत्र आहे.

दोन्ही व्यवस्थांतून एक बोध मिळतो. अग्रहक्क कोणाचाही असो, धडकेत हानी हलक्या साधनाचीच अधिक होते. म्हणून हक्क असूनही वेळीच बाजूला होणे हेच शहाणपणाचे ठरते.

मार्ग वेगळे, उंची वेगळी

विमाने उतरण्यापूर्वी धावपट्टीभोवती ठरलेला आयताकृती फेरा घालतात. प्रथम वाऱ्याच्या दिशेने धावपट्टीला समांतर, मग आडवे वळण आणि शेवटी वाऱ्याला सामोरे जात अवतरण. हा फेरा साधारणतः जमिनीपासून ३०० मीटर उंचीवर असतो. ग्लायडरांचा फेराही याच तीन बाजूंचा असतो, परंतु तो त्याच्या आत, मैदानाला जवळ आणि सुमारे निम्म्या उंचीवर ठेवणे इष्ट असते. शक्य असेल तेथे विमानांनी धावपट्टीच्या एका बाजूस आणि ग्लायडरांनी दुसऱ्या बाजूस फेरा घालावा, असे ठरवून घेतल्यास दोघांचे मार्ग एकमेकांना छेदत नाहीत.

ग्लायडरांनी डांबरी धावपट्टीवर न उतरता तिच्या बाजूच्या गवताळ पट्ट्यात उतरावे. डांबर उन्हाने तापून त्यावरून गरम हवेचे झोत उठतात आणि ऐन जमिनीजवळ आलेली छत्री डळमळू शकते. धावपट्टीच्या दोन्ही टोकांपुढे विमाने खाली उतरत येतात. त्या पट्ट्यातून कमी उंचीवर आडवे जाण्यास पूर्ण मज्जाव असावा. डोंगरावरून येताना उंची अपुरी पडेल असे वाटल्यास विमानतळाचा हट्ट सोडून वाटेतील मोकळ्या शेतात उतरणे हाच योग्य निर्णय होय. गरजेपोटी असा उतरलेला वैमानिक दोषी मानू नये. त्याने पिकाची नुकसानी भरून द्यावी, एवढेच पाहावे.

अदृश्य धोका : विस्कटलेली हवा

विमान पुढे गेल्यावर त्याच्या पंखांच्या टोकांपासून निघालेले हवेचे भोवरे मागे रेंगाळतात, खाली बसतात आणि वाऱ्याबरोबर सरकतात. पॅराग्लायडरचा आकार केवळ आतील हवेच्या दाबावर टिकत असल्याने अशा भोवऱ्यात छत्रीची एक बाजू मिटू शकते. उंचावर असताना ती पुन्हा उघडण्यास अवधी मिळतो, जमिनीलगत मिळत नाही. म्हणून विमानाच्या मागोमाग व त्याच्या खालून उतरणे टाळावे.

हेलिकॉप्टर याहून घातक. त्याच्या पात्यांच्या झोताने धुरळा, पत्रे, मंडपाचे कापड कसे उडते, हे शाळेच्या पटांगणावर हेलिकॉप्टर उतरताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना अधिक सांगणे नको. लहान विमानांनीही संथपणे सरकणाऱ्या वा एका जागी तरंगणाऱ्या हेलिकॉप्टरपासून पात्यांच्या व्यासाच्या किमान तिप्पट अंतर राखावे, असा संकेत आहे. कापडी छत्रीने त्याहून पुष्कळच दूर राहावे. हेलिकॉप्टर येणार असल्याची सूचना असेल, तर ते जाईपर्यंत ग्लायडरांची उड्डाणे थांबविणे श्रेयस्कर.

जमिनीवर पाय टेकल्यानंतर

अवतरण पाय टेकल्याने पूर्ण होत नाही. पॅराग्लायडरची छत्री तत्काळ खाली पाडून, गोळा करून उतरण्याच्या पट्ट्याबाहेर न्यावी. घडी घालण्याचे काम बाहेरच करावे. हँग ग्लायडर जड असल्याने त्याला वेळ लागतो, म्हणून मदतनीस आधीच ठरलेला असावा. धावपट्टी ओलांडणे भागच असेल, तर थांबून, दोन्ही टोकांकडे व आकाशाकडे पाहून ती काटकोनात ओलांडावी.

आधी करार, मग उड्डाण

या सर्व नियमांचे यश एका गोष्टीवर अवलंबून आहे, ती म्हणजे पूर्वनियोजन. विमानतळाचे प्रभारी, प्रशिक्षण संस्था आणि ग्लायडर चालविणारे यांनी एकत्र बसून उतरण्याचा पट्टा, फेऱ्याची बाजू व उंची, उड्डाणाच्या वेळा आणि तातडीच्या प्रसंगीचा संपर्क लेखी ठरवावा. ग्लायडरस्वार वापरतात ते रेडिओसंच बहुधा विमानांच्या रेडिओशी जुळत नाहीत, ही बाब येथे विसरू नये. त्यासाठी मैदानावर दोहोंशी बोलू शकणारी जबाबदार व परवानाधारक व्यक्ती असावी. वाऱ्याची दिशा दाखविणारी कापडी नळी फाटलेली वा अडकलेली नाही, हे रोज सकाळी पाहावे. राज्य शासनाने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या साहसी पर्यटन धोरणात जमीन व पाणी यांबरोबर हवेतील उपक्रमांसाठीही नोंदणी व सुरक्षिततेची तरतूद आहे. त्यामुळे गावात असा उपक्रम येताच पंचायतीने प्रथम नोंदणीची विचारणा करावी.

ग्रामपंचायत व शाळा यांचाही यात वाटा आहे. छत्री उतरताना दिसली की मुले आनंदाने धावत सुटतात आणि नेमकी उतरण्याच्या जागी गोळा होतात. ‘उतरणाऱ्याच्या समोर जाऊ नये, पट्ट्याच्या कडेला उभे राहून पाहावे,’ हे एक वाक्य शिक्षकांनी मुलांच्या मनावर बिंबविले, तर एखादा अपघात टळेल. मैदानाच्या कडेने नवी वीजवाहिनी वा तारेचे कुंपण येत असेल, तर पंचायतीने त्याची माहिती विमानतळाच्या प्रभारींना आधी द्यावी. वरून तारा दिसत नाहीत, खांब दिसतात. अनुभवी वैमानिक म्हणूनच दोन खांब दिसले की मध्ये तार आहेच, असे मानून चालतो.

आकाशाला कुंपण नसते, पण जमिनीवर उतरण्याची जागा मोजकीच असते. ती जागा वाटून घेण्याची शिस्त ज्यांनी अंगी बाणविली, त्यांच्या मैदानावर तीन गतींची उड्डाणे एकाच दिवशी सुखरूप उतरू शकतील.