कोरड्या डोळ्यांसाठी अश्रूंचं बूच: पंक्टल प्लग कुणाला, केव्हा आणि कसा?

"डॉक्टर, माझ्या डोळ्यांतून सारखं पाणी येतंय आणि तुम्ही म्हणताय की डोळे कोरडे झालेत. हे कसं काय?" कोरड्या डोळ्यांचं निदान सांगितलं की बरेच रुग्ण हा प्रश्न विचारतात. प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर नीट समजलं, तर अश्रूंच्या वाटेत बूच बसवण्याचा उपचार कुणाला उपयोगी आणि कुणाला नाही, तेही आपोआप समजतं.

आपल्या बुबुळावर अश्रूंचा एक अतिशय पातळ थर सतत असतो. पापणी मिटली-उघडली की तो नव्यानं पसरतो. त्यात अश्रुग्रंथींतून आलेलं पाणी असतं, ते बुबुळाला धरून राहावं म्हणून चिकट द्रव्य असतं आणि ते उडून जाऊ नये म्हणून सर्वांत वर तेलाचा थर असतो. हे तेल पापण्यांच्या कडांना असलेल्या बारीक ग्रंथींतून येतं. पाणी कमी तयार झालं किंवा तेल कमी पडून ते लवकर उडालं, की उरलेले अश्रू खारट होतात आणि बुबुळाचा पृष्ठभाग दुखावतो. मग तिथल्या नसा मेंदूला इशारा देतात आणि अश्रुग्रंथी एकदम पाण्याचा लोंढा सोडते. पण हे पाणी पातळ असतं, डोळ्यावर टिकत नाही, गालावर ओघळून जातं. त्यामुळे पाणी येणं आणि डोळे कोरडे असणं, दोन्ही एकाच वेळी खरं असतं.

हा त्रास ओळखायचा कसा?

डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपणं, चुरचुरणं, लाली येणं, संध्याकाळी डोळे जड वाटणं, वाऱ्याची झुळूक लागली तरी झोंबणं ही नेहमीची लक्षणं. एका लक्षणाकडे मात्र मी मुद्दाम लक्ष वेधते: वाचताना किंवा मोबाइल पाहताना अक्षरं धूसर होतात आणि दोन-तीन वेळा पापण्या मिटल्या की पुन्हा स्पष्ट दिसतात. असं होत असेल तर चष्म्याचा नंबर वाढला असं लगेच धरून चालू नका. बऱ्याचदा तो अश्रूंचा थर लवकर तुटत असल्याचा पुरावा असतो.

कारणं अनेक आहेत. स्क्रीनकडे एकटक पाहताना आपण पापण्या फार कमी वेळा मिटतो, आणि मिटतो तेव्हाही अर्धवट. एसीचा झोत थेट तोंडावर घेणं, रात्रभर डोक्यावर पंखा पूर्ण वेगात ठेवणं, गॉगलशिवाय दुचाकी चालवणं, विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्याचा कोरडा, गरम वारा यांनीही अश्रू उडतात. वाढतं वय आणि स्त्रियांमध्ये पाळी जाण्याचा काळ ही मोठी कारणं आहेत. सर्दी-अॅलर्जीच्या गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं आणि मुरुमांसाठी दिलं जाणारं आयसोट्रेटिनॉइन यांनीही डोळे कोरडे पडतात. लेसिकनंतर आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही महिने हा त्रास होऊ शकतो.

डोळ्यांबरोबर तोंडही कोरडं पडत असेल, पाण्याचा घोट घेतल्याशिवाय भाकरीचा घास उतरत नसेल, सांधे दुखत असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. शोग्रेन सिंड्रोम नावाच्या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते. हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञानं 1933 मध्ये या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. संधिवाताच्या अनेक रुग्णांनाही तो होतो. अशा वेळी डोळ्यांच्या डॉक्टरांइतकीच संधिवाततज्ज्ञांचीही गरज असते.

आधी तपासणी, मग उपचार

डोळे कोरडे पडण्याचे मुख्य प्रकार दोन: अश्रू कमी तयार होतात, किंवा तयार झालेले लवकर उडून जातात. दुसरा प्रकार जास्त आढळतो आणि अनेकांमध्ये दोन्ही एकत्र असतात. कोणता प्रकार आहे हे ठरवल्याशिवाय बूच बसवू नये.

त्यासाठीच्या तपासण्या साध्या आहेत. शर्मर चाचणीत विशिष्ट कागदाची अरुंद पट्टी खालच्या पापणीत अडकवतात आणि 5 मिनिटांत ती किती मिलिमीटर भिजली ते मोजतात. पट्टी 5 मिलिमीटरच्या आतच भिजली तर अश्रूंचं पाणी बरंच कमी आहे असं समजतात. दुसऱ्या चाचणीत डोळ्यात पिवळसर-केशरी रंग सोडतात आणि निळ्या प्रकाशात पाहतात. पापणी उघडल्यावर अश्रूंचा थर किती सेकंदांनी तुटतो ते त्यात दिसतं; 10 सेकंदांच्या आत तुटला तर तो अस्थिर आहे. याच रंगानं बुबुळावरचे दुखावलेले ठिपकेही दिसतात. शिवाय पापण्यांच्या कडा तपासून तेलाच्या ग्रंथी तुंबल्यात का, तेही पाहावं लागतं.

अश्रू जातात कुठे?

आरशासमोर उभं राहा, हात स्वच्छ धुऊन खालची पापणी नाकाच्या बाजूला हलकेच खाली ओढा. कडेवर एका लहानशा उंचवट्यात सुईच्या टोकाएवढं छिद्र दिसेल. असंच एक वरच्या पापणीतही असतं. दोन्ही डोळ्यांची मिळून ही चार छिद्रं म्हणजे अश्रू वाहून जाण्याची दारं. छिद्राचा व्यास साधारण 0.3 मिलिमीटर असतो. तिथून बारीक नळीनं अश्रू आधी अश्रुपिशवीत आणि पुढे नाकात उतरतात. रडताना नाक वाहतं आणि डोळ्यांत टाकलेल्या औषधाची कडवट चव घशाशी लागते, ती याच वाटेमुळे.

अश्रू कमीच तयार होत असतील, तर ही वाट बंद करून आहेत ते अश्रू डोळ्यावर जास्त वेळ ठेवता येतील, ही कल्पना जुनी आहे. 1935 मध्ये बीटहॅम या नेत्रतज्ज्ञानं कोरड्या डोळ्यांसाठी हे छिद्र चटका देऊन बंद करण्याची पद्धत मांडली. 1961 मध्ये फोल्ड्स यांनी विरघळणाऱ्या जिलेटिनच्या बारीक कांड्या नळीत घातल्या. 1975 मध्ये फ्रीमन यांनी सिलिकॉनचा, काढता येणारा प्लग आणला. आजचे अनेक प्लग त्याच घडणीवर बेतलेले आहेत: छिद्राच्या तोंडावर टेकणारी टोपी, मधला अरुंद भाग आणि आत अडकून राहणारं फुगीर टोक.

पण एक गोष्ट मनाशी पक्की बांधा. बंधारा ओढ्याचं पाणी अडवतो, पाऊस पाडत नाही. आणि ओढ्याला गढूळ पाणी आलं तर तेही तसंच अडून राहतं. प्लगचंही असंच आहे. तो अश्रू तयार करत नाही, असलेले टिकवतो. डोळ्याच्या पृष्ठभागावर दाह असेल, तर दाह वाढवणारी द्रव्यंही तो डोळ्यातच थांबवून ठेवतो. म्हणूनच बरेच नेत्रतज्ज्ञ आधी सायक्लोस्पोरिनसारख्या औषधानं किंवा देखरेखीखाली थोड्या दिवसांच्या स्टेरॉइड ड्रॉप्सनी दाह शमवतात आणि मग प्लग बसवतात. सायक्लोस्पोरिनचा गुण यायला काही आठवडे ते महिने लागतात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून ते सोडू नका.

प्लग कुणाला उपयोगी, कुणाला नाही?

अश्रूंचं पाणी खरोखर कमी आहे, दिवसातून अनेक वेळा ड्रॉप्स टाकूनही बुबुळावरचे ठिपके जात नाहीत, आणि दाह आटोक्यात आहे, अशा रुग्णाला प्लगचा चांगला फायदा होऊ शकतो. शोग्रेन सिंड्रोमचे रुग्ण यात प्रामुख्यानं येतात. हात थरथरत असल्यामुळे ड्रॉप्स नीट टाकता येत नाहीत, अशा आजी-आजोबांनाही त्याची मदत होते.

पापण्यांना किंवा अश्रुपिशवीला संसर्ग असेल, अश्रूंची नळी पुढे कुठे तुंबलेली असेल, तर प्लग बसवू नये. तेलाच्या ग्रंथी तुंबल्यामुळे त्रास असेल, तर आधी पापण्यांवर उपचार हवेत. अशा रुग्णाला घाईनं प्लग बसवला, तर डोळा खुपतच राहतो आणि वरून पाणी गालावर येतं ते वेगळंच.

प्लगचे प्रकार

कोलॅजनचे प्लग काही दिवसांत विरघळतात. ते मुख्यतः चाचणीसाठी असतात: वाट बंद केल्यावर आराम पडतो का, की डोळे उगाच वाहू लागतात, हे त्यातून कळतं. दुसऱ्या, हळूहळू विरघळणाऱ्या पदार्थांचे प्लग काही महिने टिकतात. लेसिकनंतरच्या तात्पुरत्या कोरडेपणाला ते पुरतात. सिलिकॉनचा प्लग आपोआप विरघळत नाही. तो जागेवर राहिला तर वर्षानुवर्षं काम करतो आणि हवा तेव्हा चिमट्यानं काढता येतो. काही प्लग छिद्राच्या आत, नळीतच बसतात. ते डोळ्याला टोचत नाहीत, पण बाहेरून दिसतही नाहीत, आणि संसर्ग झाला तर काढणं अवघड जातं. म्हणून आपल्याला कोणता प्लग बसवला, त्याची नोंद केसपेपरवर करून घ्या आणि तो कागद जपून ठेवा.

प्लग बसवताना काय होतं?

भूल, इंजेक्शन, टाके, उपाशीपोटी येणं, यातलं काही लागत नाही. तुम्ही नेहमीसारखं स्लिट लॅम्पच्या मशीनवर हनुवटी टेकवून बसता. डोळा बधिर करणारा थेंब टाकतात. मग एका बारीक मापकानं छिद्राचा आकार मोजतात, कारण प्लग लहान झाला तर निसटतो आणि मोठा झाला तर कडेला इजा करतो. डॉक्टर तुम्हाला वर आणि बाहेरच्या बाजूला पाहायला सांगतात, पापणी किंचित ताणतात आणि प्लग छिद्रात सरकवतात. पापणीच्या कडेवर क्षणभर दाब जाणवतो, एवढंच. काही मिनिटांत काम संपतं आणि त्याच दिवशी कामावर जाता येतं. सहसा आधी खालच्या पापणीत प्लग बसवतात. तेवढ्यानं भागलं नाही तर वरच्याही.

पहिले एक-दोन दिवस नाकाच्या बाजूला काहीतरी असल्याची जाणीव होते. ती कमी होत गेली पाहिजे. डोळे चोळू नका; प्लग निसटण्याचं ते एक प्रमुख कारण आहे. तोंड पुसताना टॉवेल डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात रगडू नका, अलगद टिपा. काजळ बंदच ठेवा. ते पापण्यांच्या कडेवरच्या ग्रंथींनाही त्रासदायक असतं.

प्लग आपोआप गळून पडणं ही सर्वांत जास्त आढळणारी अडचण. त्यात धोका नाही. पुन्हा माप घेऊन दुसरा बसवता येतो. पाणी जास्त वाहू लागलं तर प्लग काढता येतो. आतल्या कोपऱ्याला सूज, दुखणं, पू किंवा छिद्रापाशी लालसर मांसल गाठ दिसली, तर मात्र वाट पाहू नका. प्लग स्वतः उपटण्याचा प्रयत्न न करता डॉक्टरांकडे जा.

अपेक्षा किती ठेवायची?

प्लग बसवला म्हणजे कोरडेपणा बरा झाला, असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. या उपचारावरच्या अभ्यासांचा 2017 मध्ये कॉक्रेन या संस्थेनं आढावा घेतला. फायद्याचा पुरावा ठाम नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. याचा अर्थ उपचार निरुपयोगी आहे असा नाही. त्या अभ्यासांत रुग्ण, प्लग आणि मोजण्याच्या पद्धती एकसारख्या नव्हत्या. योग्य रुग्ण निवडला तर दिवसातून कितीतरी वेळा लागणारे ड्रॉप्स कमी झालेले आणि वाचन पुन्हा सुरू झालेलं मी पाहते. म्हणूनच निवडीचा मी इतका आग्रह धरते.

प्लग बसवल्यावरही बाकीची पथ्यं सुटत नाहीत. 20 मिनिटं स्क्रीन पाहिली की 20 सेकंद लांब पाहा आणि पापण्या पूर्ण मिटा. पापण्यांच्या ग्रंथी तुंबत असतील तर स्वच्छ कापड सोसवेल इतक्या गरम पाण्यात पिळून, मिटलेल्या डोळ्यांवर 5 ते 10 मिनिटं ठेवा आणि नंतर कडा हलक्या हातानं साफ करा. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा ड्रॉप्स लागत असतील, तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागून घ्या. काही प्रिझर्व्हेटिव्हनी बुबुळ आणखी दुखावतं. मध, गुलाबपाणी, दूध डोळ्यांत घालू नका. आणि मेडिकलमधून स्वतःच्या मनानं लाली घालवणारे किंवा स्टेरॉइडचे ड्रॉप्स आणू नका. स्टेरॉइड महिनोन्‌महिने चालू राहिलं तर काचबिंदू होऊ शकतो, आणि काचबिंदूनं गेलेली नजर परत आणता येत नाही.

प्लगचा सल्ला मिळाला, तर डॉक्टरांना हे पाच प्रश्न जरूर विचारा: माझ्या डोळ्यांत पाणी कमी आहे की तेल? दाह आटोक्यात आहे का? अश्रूंची नळी पुढे मोकळी आहे का? आधी विरघळणारा प्लग घालून पाहता येईल का? काढायची वेळ आली तर कसा काढणार? असे प्रश्न विचारल्यानं डॉक्टरांचा अपमान होत नाही. उत्तरं समाधानकारक मिळाली तर न घाबरता प्लग बसवून घ्या. तपासणी न करताच कुणी प्लग सुचवत असेल, तर आधी तपासणीचा आग्रह धरा.