होडीचा तळ आणि समुद्री गवत

होडी वर ओढून तळ खरवडताना हात सोलतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको. तळाला कवचवाले जीव बसले की डिझेलही जास्त जळतं. पूर्वीच्या कथिलयुक्त विषारी रंगाने फ्रान्समध्ये कालवं बिघडली. त्या रंगावरच्या बंदीचा आंतरराष्ट्रीय करार २००८ साली लागू झाला.

थंड समुद्रातल्या झोस्टेरा नावाच्या गवतात यावर एक तोड सापडली. गवताची पानं वाळवून, कुटून मिथेनॉलमध्ये भिजवतात. तो अर्क बारीक भुकटी भरलेल्या नळीतून सोडला की एकेक घटक कमी-जास्त वेगाने खाली उतरतो, म्हणजे सुटा होतो. मग रेणूचं वजन आणि अणूंची मांडणी यंत्रावर बघून तो कोणता ते ठरवतात. असं मिळालं झोस्टेरिक आम्ल. १९९३ साली शास्त्रज्ञांनी दाखवलं की ते जीवांना मारत नाही, नुसतं चिकटू देत नाही. गोम एवढीच की पाण्यात ते पटकन विरघळतं, रंगात टिकत नाही.

आपल्याकडे मांडवीच्या मुखाशी चिखलात बोटभर उंचीचं हॅलोफिला बेकारी उगवतं. ती जात वेगळी, आणि धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीतली. तेव्हा ते उपटून तळाला फासायचा खटाटोप कुणी करू नये.